चांदीच्या डॉलरची डबी फेकण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चांदीच्या चढत्या भावांसंबंधी प्रसिद्ध झालेल्या लेखात घरोघरी पडून असलेल्या परदेशी नाण्यांविषयी एक परिच्छेद आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाबाळांनी भेट म्हणून आणलेले चांदीचे डॉलर मोडीत द्यावेत की ठेवावेत, याची चर्चा करताना ‘डबी, पाकीट आणि प्रमाणपत्र यांना किंमत नसते, नाणे वजनावर आणि टंचावरच जाते’ असा सल्ला लेखकाने दिला आहे. सराफी पेढीपुरता हा सल्ला बरोबर आहे. सराफ डबी बाजूला सारूनच नाणे काट्यावर घालणार आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. परंतु संग्राहकांच्या बाजारात हेच विधान काही डॉलरच्या बाबतीत साफ उलटे ठरते आणि काहींच्या बाबतीत जवळजवळ खरे ठरते. हा फरक न सांगता दिलेला सल्ला वाचून कोणी पक्कडीने प्लास्टिक फोडले आणि आतले नाणे पेढीवर नेले, तर ते नुकसान भरून येणारे नाही. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

वेष्टनाकडे पाहताना मी एकच निकष लावतो. नाणे हातात घेऊन जे कळणार नाही, असे काही हे वेष्टन खात्रीने सांगते का? सांगत असेल तर संग्राहक त्यासाठी वेगळे पैसे मोजतो. सांगत नसेल तर ती केवळ डबी असते; ती असली तर विक्री सोपी जाते, नसली तर भावात थोडी घासाघीस होते, एवढेच.

या निकषाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नेवाडा राज्यातील कार्सन सिटी टांकसाळीचे मॉर्गन डॉलर. जॉर्ज मॉर्गन यांनी रेखाटलेला हा डॉलर १८७८ ते १९०४ या काळात आणि नंतर पुन्हा १९२१ मध्ये पाडला गेला. त्याचे वजन २६.७३ ग्रॅम आणि चांदी ९० टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे २४ ग्रॅम. कॉमस्टॉकच्या चांदीच्या खाणी जवळ असल्यामुळे कार्सन सिटीत १८७० साली टांकसाळ सुरू झाली आणि १८९३ मध्ये तिथले नाणे पाडणे थांबले. नाण्याच्या मागच्या बाजूला गरुडाखाली असलेली ‘सीसी’ ही अक्षरे तिची खूण. हे डॉलर व्यवहारात फारसे फिरले नाहीत. हजार-हजार नाण्यांच्या कापडी पिशव्यांत भरून त्यांतले पुष्कळ सरकारी तळघरांत पडून राहिले.

किती उरले, हे मात्र सांगता येत नव्हते, कारण मधल्या काळात एक मोठी वितळवणूक झाली होती आणि तिचा संबंध थेट आपल्या देशाशी आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातील लोक कागदी नोटा परत करून चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारी खजिन्यातील चांदी झपाट्याने आटली. तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरची चांदी ब्रिटनला विकली गेली आणि ती इकडच्या टांकसाळींत रुपये पाडण्यासाठी आली. आपल्याकडे देवघरात किंवा जुन्या ट्रंकेत पंचम जॉर्जचा १९१८ किंवा १९१९ सालचा रुपया असेल, तर त्यात मॉर्गन डॉलरची चांदी असणे अगदी शक्य आहे. मुद्दा असा की, वितळवताना कोणत्या सालची आणि कोणत्या टांकसाळीची किती नाणी गेली, याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे मॉर्गन डॉलरच्या बाबतीत पाडलेल्या नाण्यांचा आकडा पाहून उरलेल्या नाण्यांचा अंदाज बांधता येत नाही. वेष्टनाचे महत्त्व इथूनच सुरू होते.

१९६४ च्या मार्चमध्ये ट्रेझरीने, म्हणजे अमेरिकी सरकारच्या अर्थखात्याने, चांदीचे डॉलर देणे बंद केले, तेव्हा तळघरात सुमारे २९ लाख डॉलर शिल्लक होते आणि त्यांतले बहुतेक कार्सन सिटीचे होते. १९७० च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने त्यांच्या विक्रीला परवानगी दिली आणि ते काम जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याकडे सोपवण्यात आले. इमारती, वाहने आणि कार्यालयीन सामान यांची व्यवस्था पाहणारे हे खाते. नाणी विकण्याचा त्याला अनुभव नव्हता. तरीही त्याने काम नेटके केले. नाणी तपासून वर्गवारी केली, कडक पारदर्शक प्लास्टिकच्या आयताकृती होल्डरमध्ये एकेक नाणे बसवले, सोबत पेटी आणि तत्कालीन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा संदेश छापलेले कार्ड दिले, आणि १९७२ ते १९७४ या काळात टपालाने बोली मागवून आणि उरलेली नाणी १९८० मध्ये विकली. १८८२, १८८३ आणि १८८४ या सालांच्या नाण्यांची सुरुवातीची किमान बोली ३० डॉलर होती. या खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून संग्राहकांच्या बोलीभाषेत या नाण्यांना आजही ‘जीएसए डॉलर’ म्हणतात. वास्तविक हे वेष्टन त्या नाण्यापेक्षा जवळजवळ नव्वद वर्षांनी लहान आहे. मॉर्गनचे खरे मूळ वेष्टन म्हणायचे तर ती कापडी पिशवीच, आणि तिने नाण्यांचे भलेही केले नाही, कारण पिशवीत एकमेकांवर आदळून पडलेले ओरखडे हा मॉर्गन डॉलरचा कायमचा दोष आहे.

मग हे उशिरा आलेले प्लास्टिक सांगते तरी काय? ते सांगते की हे नाणे टांकसाळीतून निघाल्यापासून सरकारी ताब्यात होते, १९१८ च्या भट्टीतून वाचले आणि मोजून बाहेर आले. ज्या नाण्याच्या शिल्लक संख्येविषयी अंदाजच बांधावे लागतात, त्याच्याबाबतीत इथे नेमके आकडे मिळतात. १८८४ साली कार्सन सिटीत ११ लाख ३६ हजार डॉलर पाडले गेले आणि त्यांतले ९ लाख ६२ हजार ६३८ या विक्रीत निघाले, म्हणजे शंभरातले जवळजवळ पंचाऐंशी. नव्वद वर्षांनंतर इतक्या मोठ्या प्रमाणात कोरीच्या कोरी राहिलेली दुसरी चांदीची नाणी मला माहीत नाहीत. उलट १८७९ सालचे ७ लाख ५६ हजार पाडले गेले आणि विक्रीत निघाले फक्त ४ हजार १२३. १८९० सालचे तेवीस लाखांवर पाडले गेले आणि निघाले ३ हजार ९४९. आणि १८८९, १८९२ व १८९३ या सालांचे कार्सन सिटी डॉलर तर प्रत्येकी एकच निघाले.

आता याचा किमतीवर परिणाम कसा होतो ते पाहा. १८८४ चे नाणे जीएसए होल्डरमध्ये असेल तर होल्डरबाहेरच्या तशाच नाण्यापेक्षा त्याला काही जास्त मिळते, पण फरक डोळे दिपवणारा नसतो, कारण तसे होल्डर लाखोंनी आहेत. १८७९, १८९० किंवा १८९१ चे नाणे त्याच होल्डरमध्ये असेल तर मात्र फरक मोठा असतो, कारण त्या सालांचे होल्डर काही हजारच निघाले आणि त्यांतलेही पुष्कळ नंतर फुटले. याहून गमतीची गोष्ट म्हणजे या साठ्यात फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लीन्स आणि सॅन फ्रान्सिस्को इथली थोडी नाणी मिसळली गेली होती आणि त्यांतली काही त्याच कडक होल्डरमध्ये बसवली गेली. न्यू ऑर्लीन्सचा १८८५ चा डॉलर हा कोणत्याही नाणेविक्रेत्याकडे सहज मिळणारा, चांदीच्या भावापेक्षा थोडाच महाग असा डॉलर आहे. पण तोच सरकारी होल्डरमध्ये असेल तर त्याच्यासाठी संग्राहक कित्येक पट रक्कम देतात. नाणे तेच, दर्जा तोच, किंमत मात्र बहुतांशी प्लास्टिकची. आपल्या लेखातील विधान याहून जास्त चुकीचे ठरेल असे उदाहरण सापडणे कठीण आहे.

सगळे जीएसए वेष्टन सारखेही नाही. ज्या नाण्यांवर ओरखडे होते किंवा ज्यांचा रंग बदलला होता, त्यांच्या होल्डरमधील पट्टीवर ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे चलनात न फिरलेले, हा शब्द छापलेला नाही आणि ती कमी किमान बोलीने, साल निवडण्याची मुभा न देता विकली गेली. त्या काळच्या परीक्षकांना डाग वाटलेली निळी, जांभळी, सोनेरी झाक आज ‘टोनिंग’ म्हणून वाखाणली जाते आणि त्यातल्या देखण्या नाण्यांना शुभ्र नाण्यांपेक्षा जास्त भाव येतो. चलनात फिरलेली आणि फार खराब झालेली नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत दिली गेली. त्या पाकिटाला कडक होल्डरइतका मान नाही.

ग्रेडिंगचा, म्हणजे नाण्याचा दर्जा आकड्यात ठरवून घेण्याचा, जमाना आल्यावर हजारो जीएसए होल्डर लोकांनी स्वतःच्या हाताने फोडले, हेही सांगितले पाहिजे. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या संस्था १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाल्या आणि १ ते ७० या मापावर दर्जा ठरवून नाणे स्वतःच्या सीलबंद प्लास्टिकच्या आवरणात, म्हणजे स्लॅबमध्ये, घालून देऊ लागल्या. त्यासाठी आधीचा होल्डर फोडावाच लागे. पुढे संग्राहकांनाच ही हळहळ वाटू लागली आणि एनजीसीने नाणे मूळ होल्डरमध्येच ठेवून, होल्डरभोवती पट्टा लावून त्यावर दर्जा छापण्याची सोय केली. त्या पट्ट्याचा आणखी एक उपयोग आहे. जुना होल्डर कुशलतेने उघडून आत दुसरे, हलक्या दर्जाचे नाणे घालणे अशक्य नाही. पट्टा लावण्यापूर्वी होल्डर आणि नाणे दोन्ही तपासले जातात, म्हणून विकत घेणाऱ्याला थोडी निश्चिंती मिळते. पेटी आणि कार्ड मात्र सुटे असतात आणि सुटेच विकलेही जातात. म्हणून त्यांची किंमत आहे, पण होल्डरच्या मानाने फार कमी.

खासगी वेष्टनालाही कधीकधी असा मान मिळतो. रेनो गावचे लावेर रेडफील्ड १९७४ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या घरात चार लाखांहून अधिक चांदीचे डॉलर सापडले. १९७६ च्या जानेवारीत तो सगळा साठा ७३ लाख डॉलरला लिलावात गेला आणि त्यांतील पुष्कळ नाणी पॅरामाउंट या कंपनीने रेडफील्डचे नाव छापलेल्या प्लास्टिकमध्ये विकली. त्यावर छापलेला दर्जा आज कोणी प्रमाण मानत नाही, तरी ते प्लास्टिक न फोडलेले नाणे जास्त किमतीला जाते, कारण हे नाणे त्या साठ्यातले होते याचा तेवढाच पुरावा उरला आहे.

आता आपल्याकडच्या घरांत जास्त आढळणारी दोन नाणी घेऊ. पहिला आयसेनहॉवर डॉलर. १९७१ ते १९७८ या काळातील बहुतेक आयसेनहॉवर डॉलर तांबे-निकेलचे आहेत आणि त्यांत चांदीचा अंशही नाही. संग्राहकांसाठी मात्र सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीने ४० टक्के चांदीचे वेगळे डॉलर काढले: साधे असेल तर निळ्या पाकिटात, ३ डॉलरला, प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखे चकचकीत पाडलेले, असेल तर लाकडी दिसणाऱ्या तपकिरी पेटीत, १० डॉलरला. आयसेनहॉवर यांच्या ‘आइक’ या टोपणनावावरून संग्राहक त्यांना ‘निळा आइक’ आणि ‘तपकिरी आइक’ म्हणतात. या वेष्टनामुळे किंमत फार वाढत नाही. पण आपल्याकडे वेष्टन टाकून दिले की एक वेगळीच पंचाईत होते. हे नाणे थरांचे आहे. बाहेरच्या थरात ८० टक्के चांदी आणि आतल्या गाभ्यात जेमतेम २१ टक्के. कसाच्या दगडावर घासले तर बाहेरचा थर बोलतो, आणि घेणारा-देणारा दोघेही फसतात. वजनावरून ओळख पटते, कारण चांदीचा आइक २४.५९ ग्रॅमचा आणि तांबे-निकेलचा २२.६८ ग्रॅमचा असतो. कडेला तांब्याची लाल रेघ दिसली तरी चांदी नाही हे कळते. तरी निळे पाकीट शाबूत असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. सॅन फ्रान्सिस्कोची ‘एस’ ही खूण एकटी पुरेशी नाही, कारण त्या टांकसाळीने तांबे-निकेलचे प्रूफही काढले आहेत.

दुसरे नाणे म्हणजे अमेरिकी टांकसाळीतून १९८६ पासून निघत असलेला चांदीचा डॉलर, सिल्व्हर ईगल, आणि बहुतेक घरांत हाच असतो. साधा ईगल गुंतवणुकीसाठी असतो, त्याला डबी नसतेच. विक्रेत्याने दिलेली मखमली डबी ही विक्रेत्याची, टांकसाळीची नव्हे, आणि तिला खरोखरच काही किंमत नाही. इथे आपल्या लेखकांचे म्हणणे मला मान्य आहे. प्रूफ ईगल मात्र टांकसाळीच्या डबीत, कॅप्सूलमध्ये, प्रमाणपत्रासह मिळतो. ती डबी नसेल तर विक्रेता भाव थोडा पाडतो. पण प्रमाणपत्रावर नाण्याचा क्रमांक नसतो. ते कोणत्याही नाण्याबरोबर ठेवता येते आणि रिकाम्या डब्यांचा स्वतंत्र बाजारही आहे. म्हणून प्रमाणपत्र पाहून नाणे खरे मानणे हा भोळेपणा आहे. अपवाद आहेत: २०१९ मध्ये ३० हजारांच्या मर्यादेत निघालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एन्हान्स्ड रिव्हर्स प्रूफ या प्रूफच्याच खास प्रकारातील ईगलसोबत क्रमांकित प्रमाणपत्र होते, आणि ते हरवले तर विकणाऱ्याला त्याची झळ नक्की बसते. याउलट वेस्ट पॉइंट टांकसाळीचा १९९५ चा प्रूफ ईगल घ्या. तो सोन्याच्या चार नाण्यांच्या संचाबरोबरच मिळाला आणि फक्त ३० हजार १२५ निघाले. तिथे घेणारा डबी नव्हे, स्लॅबवरील दर्जाचा आकडा पाहतो.

अमेरिकेत न उघडलेल्या टपालाच्या खोक्यालाही किंमत येते, हे ऐकून आपल्या वाचकांना नवल वाटेल. ग्रेडिंग संस्था नाणे निघाल्यापासून साधारण पहिल्या तीस दिवसांत मिळालेल्या नाण्यांना वेगळे लेबल देतात, आणि उशिरा पाठवायचे असेल तर त्या मुदतीतला टपालाचा शिक्का असलेले सीलबंद खोके पुरावा म्हणून चालते. ही नाणी साच्यातून आधी निघाली होती असे टांकसाळ स्वतः म्हणत नाही. माझ्या मते हा निव्वळ विक्रीचा प्रकार आहे आणि त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

शेवटी, मूळ वेष्टन जपावे म्हणजे नाणे त्यात बंद करून विसरून जावे असे नव्हे. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत बहुधा पीव्हीसी असते. कालांतराने त्यातून निघणारे द्रव्य चांदीवर हिरवट, चिकट थर आणते आणि तो पुढे धातू खातो. तशा पाकिटातून नाणे काढलेच पाहिजे आणि तो थर शुद्ध ॲसिटोनने, न घासता, काढता येतो. पुठ्ठ्यातील गंधकाने चांदी काळवंडते. तपकिरी आइकच्या पेटीतही प्रूफच्या आरशावर धुरकट पापुद्रा येतो, आणि ईगलवर तर बंद कॅप्सूलमध्येही दुधाळ ठिपके उमटतात. कोंकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे हे सगळे लवकर होते. पण याहून मोठे नुकसान आपण हौसेने करतो: लक्ष्मीपूजनाला कॅप्सूल उघडून नाण्याला हळद-कुंकू वाहतो आणि नंतर ते चिंचेने किंवा रांगोळीने लख्ख घासतो. प्रूफ नाण्यावर असा एक हात फिरला की त्याची डबी कितीही जपली असली तरी ते चांदीच्या भावावर येते. पूजेसाठी साधा ईगल ठेवावा. प्रूफ कॅप्सूलमध्येच राहू द्यावे, कुंकू कॅप्सूलवर लावले तरी चालेल.

आपल्या लेखातील सल्ल्यात, ‘सीसी’ खुणेचा आणि कडक प्लास्टिकमधला डॉलर मोडीत देऊ नये, एवढी दुरुस्ती छापली तरी काही घरांचे नुकसान टळेल. अशा नाण्याला आपल्याकडच्या प्रदर्शनांत गिऱ्हाईक क्वचितच मिळते आणि मिळालेच तर ते बहुधा चांदीच्या आसपासचाच भाव देते. ज्या मुलाने किंवा भावाने ते आणले त्याच्याच हाती, दोन्हीकडचे सीमाशुल्काचे नियम पाहून, होल्डर आणि पेटीसह ते परत पाठवावे आणि तिकडच्या लिलावात विकावे. तोवर पेटीवर चिकटपट्टी लावू नये.

आपला नम्र,
एक नाणेसंग्राहक वाचक, सांगली